दांडीच्या टोकाशी काय होतं

टीव्हीखालच्या पेटीला आपण रिसीव्हर म्हणतो. तिच्यावर दिवा लुकलुकतो, रिमोटचं तिला कळतं, चित्र गेलं की पहिला राग तिच्यावरच निघतो. पण उपग्रहाचं म्हणणं नीट ऐकू आलं की नाही, हे वायर तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ठरून गेलेलं असतं. ते ठरतं बाहेर, छत्रीच्या, म्हणजे डिशच्या, पुढे आलेल्या दांडीच्या टोकाशी, मुठीएवढ्या एका डबीत. तिला एलएनबी, म्हणजे लो-नॉईज ब्लॉक, म्हणतात. उन्हापावसात ती वर्षानुवर्षं लटकलेली असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला मात्र घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंमध्ये ती सगळ्यात कर्तबगार वाटते. का वाटते, ते सांगायचं तर आधी तिला ऐकायचं काय असतं ते बघायला हवं.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर एक फेरी पुरी व्हायला २३ तास ५६ मिनिटं लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती एकदा फिरायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून उपग्रह खालून एका जागी खिळल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीन किलोमीटरच्या वर वेगाने पळत असतो. विज्ञानलेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये ही कल्पना मांडली हे बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. माझं मन अडकतं ते पुढच्या हिशेबात.

उपग्रहावर चॅनेलांचा एक गठ्ठा खाली पाठवणारा जो भाग असतो त्याला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. त्याची ताकद साधारण शंभर-दीडशे वॉट. उपग्रह आपल्या अँटेनाने ही ताकद पृथ्वीच्या एका विशिष्ट प्रदेशावर रोखतो, इकडेतिकडे वाया जाऊ देत नाही. तरीही एवढं अंतर कापताना ती इतकी पसरते की साठ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीच्या वाट्याला एका वॉटचा लाख कोटीवा भाग येतो, फार तर त्याच्या दीड-दोन पट. एक वॉट भागिले एकावर बारा शून्यं. एवढ्याशा भांडवलावर संध्याकाळच्या बातम्या, क्रिकेटची मॅच आणि मुलांची कार्टून्स चालतात. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडून काढला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासला होता. तो बरोबरच आहे.

बरं, तेवढाही वाटा एकटा येत नाही. जी वस्तू थोडीफार गरम आहे ती स्वतःहून रेडिओ लहरी सोडत असते: भिंत, जमीन, झाड, ढग, माणसाचं शरीर. या लहरींना काही अर्थ नसतो, तो नुसता गलका असतो, इंजिनिअर त्याला नॉईज म्हणतात. रिकामं आकाशसुद्धा पूर्ण गप्प नसतं. अमेरिकेत होमडेल इथे बेल लॅब्जचा, म्हणजे तिथल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचा, एक मोठा शिंगाच्या आकाराचा अँटेना होता, तो मुळात इको नावाच्या फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणाऱ्या लहरी पकडण्यासाठी बांधलेला. १९६४ मध्ये त्यावर काम करताना आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एक बारीक खरखर सापडली. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो वा रात्र, ती जाईना. विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ती ऊब होती, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे थंडीच्या शेवटच्या मर्यादेच्या, जेमतेम तीन अंश वर. त्या शोधासाठी दोघांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. उपग्रहासाठी बांधलेल्या अँटेनातूनच विश्वाच्या आरंभाचा पुरावा हाती लागला, आणि आपल्या छत्रीलाही तीच खरखर आजही ऐकू येत असते. तिच्या एकूण नॉईजमध्ये त्याचा वाटा अगदी थोडा, पण असतो.

छत्रीचं काम त्या मानाने सरळ आहे, पण देखणं आहे. तिचा आकार परवलयाचा असतो. समोरून समांतर आलेल्या लहरी तिच्यावर कुठेही आदळोत, काठाशी वा मध्यावर, तिथून परतून ठरलेल्या बिंदूपर्यंत यायला प्रत्येकीला सारखंच अंतर तोडावं लागतं. त्यामुळे त्या बिंदूवर सगळ्या एकाच पावलाने पोहोचतात आणि एकमेकींत मिसळून वाढतात. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पत्र्याला दोन-तीन मिलिमीटरचा पोचा जरी आला तरी त्या जागेवरून आलेल्या लहरींचं पाऊल चुकतं. छत्री हलवताना कुणी तिच्यावर गुडघा टेकवला की मला म्हणूनच बघवत नाही.

घरांवरच्या बहुतेक छत्र्या बघितल्या तर त्या क्षितिजाकडे किंवा शेजारच्या इमारतीकडे तोंड करून उभ्या वाटतात, आकाशाकडे बघतायत असं वाटतच नाही. त्या ऑफसेट जातीच्या असतात. एका मोठ्या परवलयाचा एका बाजूचा तुकडा कापून घ्यावा, तशी त्यांची घडण. त्यामुळे लहरींचा केंद्रबिंदू समोर मधोमध न येता खालच्या काठाच्या पुढे येतो आणि एलएनबीची सावली छत्रीवर पडत नाही. छत्री जिथे बघतेय असं वाटतं त्यापेक्षा तिची खरी नजर वीस-पंचवीस अंश वर असते. शिवाय ती अशी उभट राहिल्यामुळे तिच्यात पावसाचं पाणी साचत नाही. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली ही इतकी व्यवहारी युक्ती आहे की जुन्या, मधोमध तीन काड्या असलेल्या छत्र्या आता बघायला बोजड वाटतात.

आता नेम धरण्याबद्दल. छत्री बसवणारा कारागीर काम करत असताना मी गच्चीवर नेहमी जाऊन उभी राहते, कारण ते बघण्यासारखं असतं. तो बोल्ट अर्धवट सैल करतो, काठाला दोन बोटं लावून छत्री जराशी सरकवतो आणि थांबतो. हातातल्या मीटरकडे बघतो. पुन्हा जराशी. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा काठ पाच मिलिमीटर सरकला की तिची नजर जवळजवळ एक अंशाने फिरते. उपग्रहाच्या अंतरावर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त. एवढ्या छत्रीची नजर साधारण तीन अंश रुंद असते आणि शेजारचा दुसरा उपग्रह कधी कधी दोन-तीन अंशांवरच उभा असतो. म्हणून थांबणं महत्त्वाचं. मीटरला किंवा पेटीला सिग्नल ओळखून पकड घ्यायला क्षणभर लागतो, आणि घाई करणारा नेमका त्याच क्षणात पुढे निघून जातो. चांगले कारागीर सगळ्यात वरचा आकडा आला तरी तिथेच बोल्ट आवळत नाहीत. ते आणखी पुढे जातात, आकडा पडू देतात, मग दुसऱ्या बाजूनेही तसंच पडू देतात आणि दोन्ही पडझडींच्या बरोबर मध्ये छत्री आणून ठेवतात. शिखर सपाट असतं, कडा तीव्र असतात. मध्य शोधायचा तर कडांवरूनच शोधावा लागतो. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी फिरवून तिरकी करतात, तेही उगाच नाही. ते का, ते पुढे येईलच.

एक जुनी, पाणी शिरून निकामी झालेली एलएनबी मी स्क्रू काढून उघडली होती. पुढचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की धातूची एक गोल नळी दिसते. लहरी तिच्यातून आत येतात. नळीच्या आत, भिंतीतून डोकावणाऱ्या दोन बारीक तारा असतात, एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकी जेमतेम काही मिलिमीटर. अँटेना म्हणतात तो खरा तर हाच. लहर उभी झुलत असेल तर ती एका तारेला जाणवते, आडवी झुलत असेल तर दुसरीला. उपग्रह दोन्ही प्रकारच्या लहरी एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर पाठवतो आणि तेवढ्याच जागेत दुप्पट चॅनेलं बसवतो. एलएनबी तिरकी करायची ती या तारा लहरींच्या झुलण्याशी जुळाव्यात म्हणून. उपग्रहाच्याच रेखांशावर राहत नसलो तर आपली उभी आणि त्याची उभी थोडी कलते.

तारांच्या मुळाशी लगेच, मध्ये काहीही न येऊ देता, पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा पहिला भाग, बसवलेला असतो. आणि माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. बेल लॅब्जमधल्याच हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये एक सूत्र मांडलं. एकापुढे एक असे कितीही ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारे टप्पे, जोडा, साखळीच्या एकूण नॉईजवर सगळ्यात मोठा हक्क पहिल्याचा असतो. कारण पहिल्याने घातलेली खरखर सिग्नलसोबतच पुढे वाढत जाते, तर नंतरच्यांनी घातलेली खरखर आधीच मोठ्या झालेल्या सिग्नलपुढे नगण्य ठरते. पहिल्या पायरीवर जे बुडालं ते पुढे कितीही महागडी पेटी लावली तरी वर येत नाही. म्हणूनच हा ॲम्प्लिफायर घरात सुरक्षित न ठेवता गच्चीवर, उन्हात, लहर जिथे उतरते त्याच बिंदूवर नेऊन ठेवला आहे.

तो ट्रान्झिस्टर साधासुधा नाही. जपानच्या फुजित्सू कंपनीत काम करणाऱ्या ताकाशी मिमुरा यांनी १९७९ मध्ये तो कल्पिला, १९८० मध्ये तो जगापुढे आला. त्याचं नाव हेम्ट. त्यात इलेक्ट्रॉन अशुद्धीच्या अणूंपासून वेगळ्या, स्वच्छ थरातून धावतात, त्यामुळे अडखळत नाहीत आणि खरखरही फार करत नाहीत. त्याचा पहिलावहिला उपयोग झाला तो जपानमधल्या नोबेयामा वेधशाळेच्या रेडिओ दुर्बिणीत, १९८५ मध्ये. ताऱ्यांमधल्या ढगांतले रेणू शोधण्यासाठी पहिल्यांदा वापरलेला हा भाग पुढे काही वर्षांत घराघरांच्या छत्रीवर आला. आजची चांगली एलएनबी उन्हात तापलेली असली तरी आपल्या पदरची जी खरखर घालते ती उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या वस्तूएवढीच असते. हाताला चटका बसेल इतकं गरम उपकरण, आणि वागणूक अशी.

छत्र्या लहान झाल्या त्यामागे हे एक मोठं कारण आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डचे प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी स्वतः जुळणी करून घरी उपग्रहाचा टीव्ही पकडला, घरगुती रिसीव्हरची सुरुवात तिथून धरतात. त्या काळच्या छत्र्या अंगणभर असायच्या, कारण उपग्रह दुबळे होते, लहरींची लांबी सात-साडेसात सेंटिमीटर होती आणि पहिला ॲम्प्लिफायर खरखरीचा. पुढे उपग्रह ताकदवान झाले, लहरी आखूड झाल्या, पण तिसरी गोष्ट सुधारली नसती तर छत्री सज्जाच्या कठड्यावर मावली नसती.

उघडलेल्या डबीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी होती. पट्टीवर तांब्याच्या बारीक रेघा, केसांच्या पिनांसारख्या वळवून एकीशेजारी एक मांडलेल्या, कशालाच न जोडलेल्या. सर्किट शिकलेल्या माणसालाही त्या आधी अपुऱ्या वाटतील. पण इतक्या वरच्या वारंवारतेला रेघेचा आकार हाच भाग असतो, तिची लांबी आणि शेजारणीपासूनचं अंतर हेच ठरवतात की कोणती लहर पुढे जाईल आणि कोणती थांबेल. शेजारी चिनीमातीसारखी एक पांढरट गोळी होती. ती ठरलेल्या वारंवारतेला झंकारत राहते. ही गोळी कशाला, तर पुढच्या अडचणीसाठी.

छत्रीवर येणारा सिग्नल दहा-बारा गिगाहर्ट्झचा असतो आणि तो तसाच साध्या केबलमध्ये घातला तर खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर विरून जाईल. म्हणून एलएनबी तो वाढवल्यावर त्याच्या वारंवारतेतून एक ठरलेला आकडा वजा करते, आणि तो आकडा त्या झंकारणाऱ्या गोळीकडून मिळतो. युनिव्हर्सल जातीच्या एलएनबीत हा आकडा ९,७५० किंवा १०,६०० मेगाहर्ट्झ असतो. ११,५०० चा सिग्नल खाली १,७५० होऊन उतरतो, १२,५०० चा १,९०० होऊन. निवडलेला पट्टा, खालचा वा वरचा, एकगठ्ठा असा ९५० ते २,१५० च्या दरम्यान येतो आणि केबलमधून बिनघोर प्रवास करतो. नव्या डब्यांत गोळीची जागा क्वार्ट्झच्या स्फटिकाने घेतली आहे, तो उन्हाथंडीत जास्त स्थिर राहतो.

तीच एक केबल उलट्या दिशेनेही राबते. एलएनबीला लागणारी वीज पेटीकडून याच तारेतून वर जाते. १३ व्होल्ट गेले तर डबी उभ्या लहरी ऐकते, १८ गेले तर आडव्या. त्यावर २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर चढवला तर वरचा पट्टा, नसला तर खालचा. एका तांब्याच्या तारेतून वीज वर, हुकूम वर, आणि सिग्नल खाली. बाहेर उघड्यावर असलेल्या जोडावर रबराचं टोपण का घालतात ते यावरून कळावं. तिथे पाणी शिरलं तर तिन्ही कामं एकदम बिघडतात.

पेटीच्या वाट्याला येतो तो असा, तीनेक लाख पट वाढवलेला पण सिग्नल आणि खरखर एकत्र असलेला प्रवाह. त्यातून अर्थ वेचणं हे तिचं काम. उपग्रहावरून डिजिटल टीव्ही पाठवण्याच्या डीव्हीबी-एस या पद्धतीत लहरीचं पाऊल चारपैकी एका जागी पडतं आणि प्रत्येक पावलात दोन बिट असतात. सेकंदाला अशी पावणेतीन कोटी पावलं. खरखरीमुळे काही पावलं शेजारच्या जागेत पडल्यासारखी वाटतात, म्हणजे चुका होणार हे गृहीतच असतं. परत विचारायची सोय नाही, कारण पेटीला बोलता येत नाही. तिचा उपग्रहाकडे जाणारा आवाजच नाही. मग पाठवणाऱ्यालाच आधीच पुरेसं जास्तीचं सांगून ठेवावं लागतं, फोनवर आवाज तुटत असला की आपण नाव सांगताना ‘क कमळातला’ म्हणतो तसं. दर १८८ बाइटच्या पाकिटामागे १६ बाइट जोडतात, आणि त्या जोरावर पाकिटातले कुठलेही आठ बाइट बिघडलेले असले तरी, कुठले ते माहीत नसतानाही, ते जसेच्या तसे परत मिळवता येतात. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये शोधलेली ही पद्धत व्हॉयेजर यानाने युरेनसची छायाचित्रं पाठवतानाही वापरली होती. २००५ च्या डीव्हीबी-एस२ मध्ये तिच्याजागी आणखी ताकदवान जुळणी आली. तिचा गाभा रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास आपल्या डॉक्टरेटच्या कामात मांडला होता, पण तो चालवायला लागणारी गणनाशक्तीच तेव्हा नव्हती, म्हणून तो तीसेक वर्षं बहुतेक विस्मरणात पडून राहिला. चांगल्या कल्पनेला यंत्रांनी गाठायला इतकी वर्षं लागावीत, हे वाचलं की गॅलेगर यांच्याबद्दल मला विलक्षण आदर वाटतो.

त्यानंतर पाकिटं चॅनेलनुसार वेगळी करणं, चित्र उलगडणं वगैरे घडतं. चॅनेल बदलल्यावर जो क्षणभर काळोख असतो, त्यात पेटी नवी वारंवारता पकडते, यादी वाचते आणि पूर्ण चित्राची वाट बघते, कारण मधली चित्रं फक्त आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच सांगतात.

पैसे भरल्यावर चॅनेल सुरू होतं त्याची रीत तर मला फार विलक्षण वाटते. पेटीला बोलता येत नाही, मग ‘याने पैसे भरले’ हे तिला कसं कळवायचं? उपग्रह ते सगळ्या प्रदेशाला कळवतो. पेटीतल्या प्रत्येक कार्डाच्या क्रमांकानिशी, कुलूपबंद निरोप इतर पाकिटांच्या गर्दीत सतत फिरत असतात. लाखो पेट्यांवरून ते जातात, ज्याचा क्रमांक जुळतो तीच पेटी तो उचलते. म्हणूनच बराच काळ बंद ठेवलेली पेटी सुरू केल्यावर थोडा वेळ लावून ठेवा असं सांगतात. तिचा निरोप पुन्हा फिरून यायचा असतो. चित्र उघडणारी किल्ली तर दर काही सेकंदांना बदलते आणि तीही याच प्रवाहातून येते.

पावसात चित्र का जातं हा प्रश्न सगळे विचारतात. थेंब या आखूड लहरी शोषतात आणि विखुरतात, एवढं उत्तर बहुतेकांना पुरतं. पण ते अर्धंच आहे. छत्रीला एरवी दिसणारं आकाश थंड असतं, पाऊस मात्र आपल्या हवेएवढा उबदार असतो. म्हणजे सिग्नल कमी होतोच, वर गलकाही वाढतो. त्यात डिजिटलचा स्वभाव असा की चुका दुरुस्तीच्या आवाक्यात आहेत तोवर चित्र लख्ख, आणि मर्यादा ओलांडली की आधी चौकोन, मग काहीच नाही. जुन्या ॲनालॉग चित्रात ठिपके वाढत जायचे, येणाऱ्या पावसाची चाहूल लागायची. ती गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेटीच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंथ आणि एक क्वालिटी. लोक पहिलीकडे बघतात. पहिली पट्टी एकूण किती येतंय ते सांगते, त्यात खरखरही मोजलेली असते. छत्री रिकाम्या आकाशाकडे वळवली तरी ती चांगली अर्धी भरलेली दिसू शकते. दुसरी सांगते की त्यातून अर्थ किती लागतोय. खात्री करून घ्यायची असेल तर विषुवदिनांच्या आसपास, वर्षातून दोनदा, काही दिवस रोज काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो तेव्हा मेन्यू उघडून बसावं. छत्रीवर मंद, खरखरीत रंग का दिलेला असतो तेही तेव्हा समजतं: ती चकचकीत असती तर तिच्यावर पडलेलं सगळं ऊन एलएनबीच्या तोंडाशी गोळा होऊन ती वितळायला लागली असती. ऊन असं विखरून जातं, पण सूर्याच्या रेडिओ लहरी मात्र छत्री इमानाने गोळा करते. त्या मिनिटांत स्ट्रेंथची पट्टी वर चढते, क्वालिटीची खाली उतरते. छत्री लहान असेल तर चित्र कधी कधी टिकतंही. मोठी, आणि म्हणून अरुंद नजरेची असेल, तर जातंच, आणि सूर्य पुढे सरकला की कुणी काही न करता परत येतं.